सहाबारी कीं स्वयंचलित?

स्वसंरक्षणासाठीं हातांत कोणतें शस्त्र असावें, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानांत सोडवावयाचा वाटतो. एका कांचेखालीं रिव्हॉल्वर, दुसऱ्या कांचेखालीं स्वयंचलित पिस्तूल. किंमत विचारावी आणि एक उचलावें. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांत या प्रश्नाचें उत्तर सैन्यांनीं आणि पोलिसखात्यांनीं पुनःपुन्हां दिलें, पुनःपुन्हां बदललें, आणि बहुतेक वेळां तें कोणाच्या तरी मृत्यूनंतर बदललें. म्हणून या निवडीचा इतिहास जितका यंत्रांचा आहे, त्याहून अधिक तो भेदरलेल्या माणसाच्या हाताचा आहे.

प्रथम दोन्ही यंत्रांतील भेद पाहिला पाहिजे. रिव्हॉल्वरला मराठींत सहाबारी असेंही म्हणत आले. त्यांत नळीच्या मागें एक फिरतें चक्र असतें; चक्रांत पांच-सहा घरें, आणि प्रत्येक घरांत एक काडतूस. चाप ओढला कीं बोटाच्या बळानें चक्र एक घर पुढें सरकतें, घोडा मागें जाऊन आपटतो आणि गोळी सुटते. एखादें काडतूस फुसकें निघालें तर पुन्हां चाप ओढावयाचा. फुसकें बाजूला जातें, नवें समोर येतें. स्वयंचलित पिस्तुलाची रीत निराळी. त्याच्या मुठींत काडतुसांचें मॅगझिन बसतें. गोळी सुटतांना जो उलटा धक्का बसतो, त्याच्याच जोरानें रिकामें टरफल बाहेर फेंकलें जातें व पुढचें काडतूस नळींत चढतें. चाप मात्र दर गोळीला नव्यानें ओढावा लागतो. म्हणून जाणकार त्याला अर्धस्वयंचलित म्हणतात. त्यांत गोळ्या अधिक मावतात, आणि संपल्या तर दुसरें मॅगझिन क्षणांत बसवितां येतें. पण काडतूस फुसकें निघालें कीं साखळी तुटते, आणि ती जोडण्यास दुसरा हात व शांत डोकें लागतें. शिवाय मॅगझिन काढून घेतलें तरी नळींत एक गोळी राहूं शकते. ‘पिस्तूल रिकामें आहे’ या समजुतीनें आजवर किती अपघात झाले असतील, याची गणती नाहीं.

फिरत्या चक्राची कल्पना जुनीच होती; तिला बाजारांत आणलें तें अमेरिकेंतील हार्टफर्डच्या सॅम्युएल कोल्टनें. त्याला २५ फेब्रुवारी १८३६ रोजीं अमेरिकन पेटंट मिळालें. त्याचा पॅटर्सन येथील पहिला कारखाना १८४२ सालीं बुडाला. पुढें मेक्सिकोच्या युद्धांत टेक्सासचा कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या खटपटीनें १८४७ सालीं सैन्यानें १,००० रिव्हॉल्वरें मागविलीं आणि कोल्टचें नशीब उघडलें. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यानें आपला माल मांडला, तेव्हां तेथें रॉबर्ट अॅडम्स या इंग्रज कारागिराचें निराळ्या धर्तीचें रिव्हॉल्वरही होतें. कोल्टच्या शस्त्रांत दर गोळीपूर्वीं अंगठ्यानें घोडा चढवावा लागे. अॅडम्सच्या शस्त्रांत नुसता चाप ओढला कीं पुरे. कोल्टचा नेम चांगला लागे, कारण चाप हलका; अॅडम्सची त्वरा अधिक, पण चाप जड असल्यानें हात हलें. पांच वर्षांनीं बोमाँट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दोन्ही सोयी एकाच शस्त्रांत आणल्या. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, पिस्तूल जन्मालाही आलें नव्हतें तेव्हांच वादाचें मूळ उघडें पडलें होतें: संकटांत मनुष्याला नेम अधिक उपयोगी कीं सोपेपणा?

धुरविरहित दारूचा शोध लागल्यावर धक्क्यावर चालणारें पिस्तूल शक्य झालें. ह्यूगो बोर्चार्टचें पिस्तूल १८९३ सालीं निघालें, आणि जर्मनींतील मौझर कंपनीचें दहा गोळ्यांचें पिस्तूल १८९६ सालीं. या मौझरच्या पहिल्या कीर्तीचा एक धागा मुंबईच्या ससून डॉकला येऊन पोंचतो. १८९६ सालीं विन्स्टन चर्चिल हा तरुण लष्करी अधिकारी तेथें होडींतून उतरत होता. धक्क्यावरील लोखंडी कडी त्यानें हातानें धरली, तोंच लाटेनें होडी खालीं गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो खांदा पुढें जन्मभर भरंवशाचा राहिला नाहीं. घोडेस्वाराचें शस्त्र म्हणजे तलवार; पण या खांद्यानें ती फिरविणें धोक्याचें, म्हणून २ सप्टेंबर १८९८ रोजीं सुदानांत ओम्डुर्मानच्या रणांगणावर एकविसाव्या लान्सर्स पथकानें हल्ला चढविला तेव्हां चर्चिलनें तलवार म्यान करून मौझर पिस्तूल हातीं घेतलें. गर्दींतून तो जिवंत बाहेर पडला, आणि हातांत तलवार असती तर आपली कहाणी येथेंच संपली असती, असें त्यानें पुढें आत्मवृत्तांत सुचविलें. येथें शस्त्राची निवड माणसाच्या शरीराच्या उणिवेवरून झाली होती, आणि ती योग्य ठरली.

त्याच सुमारास फिलिपाइन्स बेटांत अमेरिकन सैन्याला निराळा अनुभव येत होता. सैन्यानें १८९२ सालीं जुनें ०·४५ इंची रिव्हॉल्वर टाकून ०·३८ इंचीचें हलकें रिव्हॉल्वर घेतलें होतें. बेटांतील लढवय्ये अंगावर धांवून येत, गोळ्या लागूनही थांबत नसत, आणि पुढील वार सैनिकाला भोंवत असे. गोदामांतून जुनीं रिव्हॉल्वरें पुन्हां बाहेर काढावीं लागलीं. १९०४ सालीं जॉन थॉम्प्सन व सैन्याचे शल्यवैद्य लुई लागार्द या दोघां अधिकाऱ्यांनीं शिकागोच्या जनावरांच्या बाजारांत जिवंत गुरांवर, आणि तशींच मानवी प्रेतांवर, निरनिराळ्या गोळ्यांचे प्रयोग केले. प्रयोग क्रूर होते आणि आजच्या शास्त्राच्या कसोटीस ते उतरत नाहींत. पण त्यांतून शिफारस निघाली कीं सैन्याच्या गोळीचा व्यास ०·४५ इंचाहून कमी नसावा. या शिफारशीसोबत आणखी एक गोष्ट त्यांनीं आवर्जून सांगितली होती. गोळी मर्मस्थानीं लागली तरच मनुष्य हमखास थांबतो. यासाठीं सैनिकाकडून अचूक नेमाची कवाईत अखंड करून घ्यावी. पहिली सूचना जगभर गाजली. दुसरी मात्र लोक लौकरच विसरले.

पहिल्या सूचनेंतून जें शस्त्र जन्मलें तें जॉन ब्राउनिंग या युटा प्रांतांतील कारागिराचें. मार्च १९११ मधील अखेरच्या परीक्षेंत त्याच्या पिस्तुलांतून ६,००० गोळ्या झाडण्यांत आल्या. पिस्तूल तापलें कीं पाण्यांत बुडवावें आणि पुढें चालवावें. तें एकदांही अडलें नाहीं. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचें वारंवार अडलें. त्याच महिन्यांत तें सैन्याचें अधिकृत शस्त्र झालें आणि १९८५ पर्यंत त्या पदावर राहिलें. तरीही घोडदळाच्या आग्रहावरून त्याला अंगठ्याचा एक सुरक्षा-खटका जोडावा लागला होता; कारण एका हातांत लगाम आणि दुसऱ्या हातांत चढविलेलें पिस्तूल घेऊन उधळलेल्या घोड्यावर बसणें म्हणजे स्वतःच्याच जिवाशीं खेळ. म्हणजे यंत्र निर्दोष ठरल्यावरही हाताची धास्ती उरलीच होती.

ब्राउनिंगचें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें तें एका निराळ्याच कारणानें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाटकगृहांत अनंत कान्हेरे यानें जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलांतून. लंडनहून लपवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकीं तें एक होतें, असें खटल्यांत पुढें आलें. चपटें, खिशांत मावणारें, वरून न दिसणारें ही स्वयंचलित पिस्तुलाची जी सोय घरधन्याच्या रक्षणासाठीं म्हणून कारखानदार वाखाणीत, तीच सोय दुसऱ्या हेतूलाही तितकीच उपयोगीं पडते, हें त्या प्रसंगानें दाखविलें. शस्त्राला हेतु कळत नाहीं.

इंग्रजांनीं मात्र रिव्हॉल्वर सोडलें नाहीं. त्यांचें वेब्ली रिव्हॉल्वर १८८७ पासून सैन्यांत होतें, आणि पहिल्या महायुद्धांत खंदकांच्या चिखलांत तें टिकून राहिलें. दोन्ही यंत्रांचा संगम करण्याचा प्रयत्न जॉर्ज फॉस्बरी या अधिकाऱ्यानें केला होता. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८६३ सालच्या अंबेला मोहिमेंत त्यानें व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता. त्याच्या रिव्हॉल्वरचें चक्र धक्क्याच्या जोरानें आपोआप फिरे. त्यासाठीं चक्रावर नागमोडी खांचा कोरल्या होत्या. कल्पना सुरेख होती. पण त्या खांचांत धूळ व चिखल बसला कीं सारेंच थांबे, आणि सैन्यानें तें शस्त्र कधींच स्वीकारलें नाहीं. अमेरिकेची कथाही बोधप्रद आहे. १९१७ सालीं ती युद्धांत उतरली तेव्हां स्वयंचलित पिस्तुलें पुरेनात. म्हणून त्याच ०·४५ इंची काडतुसाचीं रिव्हॉल्वरें लाखांनीं तयार करवून घ्यावीं लागलीं. पुढें १९३२ सालीं इंग्रजांनीं मोठें वेब्ली बाजूस सारून हलकें ०·३८ इंचीचें रिव्हॉल्वर घेतलें. कारण उघड होतें: युद्धकाळांत भरती झालेल्या नवशिक्याला मोठ्या शस्त्राचा धक्का झेलावयास शिकविण्याइतका वेळ नसतो. अमेरिकेनें गोळी मोठी केली, इंग्लंडनें लहान केली. आणि दोघांपुढें अडचण एकच होती, ती म्हणजे शिक्षण.

या अडचणीचें उत्तर चीनमधील एका पोलीस अधिकाऱ्यानें शोधलें. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतींतील पोलिसांत विल्यम फेअरबेअर्न हा इंग्रज १९०७ सालीं दाखल झाला. अफू, अपहरणें आणि सशस्त्र टोळ्या यांनीं गांजलेल्या त्या शहरांत साडेबारा वर्षांत ६६६ सशस्त्र चकमकी झाल्याची नोंद त्यानें व एरिक साइक्स यानें १९४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘शूटिंग टु लिव्ह’ या पुस्तकांत आहे. या चकमकी अरुंद गल्ल्यांत, जिन्यांवर, अंधारांत होत. समोरचा मनुष्य चार-पांच हातांवर असे. फेअरबेअर्नच्या खात्यानें स्वयंचलित पिस्तूल घेतलें. पण तें जसेंच्या तसें घेतलें नाहीं. सुरक्षा-खटका त्यानें खिळा मारून कायमचा निकामी केला, कारण घाईंत तो उघडण्याचें ध्यानांत राहत नाहीं. त्याबदल्यांत नळी नेहमीं रिकामी ठेवावयाची, आणि पिस्तूल काढतांनाच सरकता भाग ओढून गोळी चढवावयाची, असा नियम केला. उमेदवारांना अनोळखी, अंधाऱ्या खोल्यांतून चालवून, अचानक आवाज व आकृत्या पुढें आणून शिकविण्यांत येई. निशाणाच्या मैदानावर सावकाश मिळविलेलें कौशल्य भीतीच्या क्षणीं हातांत राहत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. तथापि या कथेला दुसरी बाजूही आहे. याच पोलिसदलानें ३० मे १९२५ रोजीं नानकिंग रस्त्यावर निदर्शक जमावावर गोळीबार केला. त्यांत माणसें मेलीं आणि चीनभर संप व बहिष्काराची लाट उसळली. हाताला शिकवितां येतें. गोळी झाडावी कीं नाहीं, हा विवेक त्याहून कठीण.

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक सैन्यें पिस्तुलाकडे वळलीं; ब्रिटिश सैन्यानेंही १९५४ सालीं ब्राउनिंगच्या आराखड्याचें पिस्तूल स्वीकारलें. अमेरिकन पोलीस मात्र रिव्हॉल्वरलाच धरून राहिले. १९६७ सालीं इलिनॉय राज्याच्या पोलिसांनीं ९ मिलिमीटरचें पिस्तूल घेतलें, तेव्हां तो अपवाद गणला गेला. ५ एप्रिल १९७० च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियांत न्यूहॉलजवळ महामार्ग पोलिसांचे चार तरुण शिपाई अवघ्या कांहीं मिनिटांत मारले गेले. त्यांतील एकजण रिकाम्या रिव्हॉल्वरमध्यें एकेक काडतूस भरीत असतांना पडला. सरावाच्या मैदानावर लागलेल्या संवयीनें त्यानें मरणापूर्वीं रिकामीं टरफलें खिशांत ठेवलीं होतीं, अशी एक गोष्ट पुढें वर्षानुवर्षें सांगण्यांत आली. नंतरच्या संशोधनांत ती खरी ठरली नाहीं. टरफलें जमिनीवरच पडलीं होतीं. पण खोटी असूनही ती गोष्ट टिकली, कारण तिच्यांतील भीति खरी होती: हात जें शिकलेला असतो, तेंच करतो. त्या खात्यानें रिव्हॉल्वर लगेच टाकलें नाहीं; सहाही काडतुसें एका झटक्यांत भरण्याचें साधन दिलें, सराव बदलला, आणि पिस्तूल घेतलें तें वीस वर्षांनीं.

निकाल लागला तो ११ एप्रिल १९८६ रोजीं, मायामींत. दोन दरोडेखोरांना अडविण्यास गेलेल्या एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांपैकीं दोन ठार व पांच जखमी झाले. एका अधिकाऱ्याच्या हातालाच गोळी लागल्यामुळें त्याला रिव्हॉल्वर पुन्हां भरतां येईना. या दिवसानंतर अमेरिकेंत रिव्हॉल्वरचा काळ संपला, असें सर्वत्र लिहिलें जातें. परंतु तपशील पाहिला तर निकाल इतका सरळ नाहीं. अधिकाऱ्यांत कांहींजणांजवळ स्वयंचलित पिस्तुलें होतींच. त्यांतील एक गोळी मुख्य दरोडेखोराला आरंभींच लागली, पण हृदयापर्यंत पोंचली नाहीं, आणि तो लढत राहिला. दरोडेखोराच्या हातीं रायफल होती, हें खरें मोठें कारण. आणि शेवट केला तो एक हात निकामी झालेल्या अधिकाऱ्यानें, दुसऱ्या हातांतील रिव्हॉल्वरनें. एफबीआयनें पुढें मोठी गोळी घेतली. ती पेलेना म्हणून त्याहून लहान घेतली. आणि तीस वर्षांच्या आंत ती संस्था फिरून ९ मिलिमीटरवर आली. गोळीच्या आकाराचें हें चक्र शिकागोच्या दुसऱ्या सूचनेपाशीं येऊन थांबलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या सर्वांत पिस्तुलाचा जय झाला कसा? त्याचें श्रेय मुख्यत्वें ऑस्ट्रियांतील गास्टन ग्लॉक याच्या पिस्तुलाकडे जातें. १९८२ सालीं ऑस्ट्रियन सैन्यानें तें घेतलें. त्याची चौकट प्लास्टिकची, मॅगझिन सतरा गोळ्यांचें. पण खरी नवलाई निराळीच होती. त्याला अंगठ्यानें उघडावयाचा खटका नव्हता. काढावें, रोखावें, चाप ओढावा, रिव्हॉल्वरचीच रीत. पूर्वीं अॅडम्सनें जो सोपेपणा दिला होता, तो पिस्तुलानें उचलला, तेव्हांच त्यानें रिव्हॉल्वरला मागें टाकलें. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनीं १९९३ सालीं पिस्तुलें देण्यास आरंभ केला, तेव्हां चाप मुद्दाम जड करून घेतला. नेहमींच्या साडेपांच पौंडांऐवजीं बारा पौंड. रिव्हॉल्वरच्या जड चापाला संवकलेलें बोट हलक्या चापावर चुकून गोळी झाडील, ही त्यांची भीति. जुन्या शिपायांना रिव्हॉल्वर ठेवण्याची मुभा होती. ती ऑगस्ट २०१८ अखेर संपली.

आतां घरधन्याचा प्रश्न. त्याच्याजवळ ना पथक, ना रोजची कवाईत. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसाला परवान्यावांचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली. स्वतंत्र भारतानें १९५९ चा शस्त्र कायदा केला, तो १९६२ पासून अंमलांत आहे. सैन्य व पोलिसांचें ९ मिलिमीटरचें काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. त्यामुळें परवानाधारकापुढें बहुधा ०·३२ इंचीचें रिव्हॉल्वर किंवा ०·३२ इंचीचें पिस्तूल एवढीच निवड उरते. आंकडा एकच असला तरी दोघांचीं काडतुसें निराळीं आहेत, हेंही पुष्कळांना ठाऊक नसतें. २०१२ सालच्या दिल्लींतील अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं ‘निर्भीक’ नांवाचें सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्वर स्त्रियांसाठीं म्हणून बाजारांत आणलें. किंमत लाखाच्या वर होती, आणि ज्या स्त्रीला रोज बसनें कामाला जावें लागतें तिला त्याचा काय उपयोग, असा सवाल त्याच वेळीं झाला. तरी कारखान्यानें निवडलें तें रिव्हॉल्वरच. क्वचित् हाताळणाऱ्याला सोपें तें बरें, हा जुना विचार त्यामागें दिसतो.

रात्रीं दोन वाजतां खडखड ऐकून जागा झालेला गृहस्थ हा शांघायच्या शिपायासारखा नसतो. त्याला चश्मा सांपडत नाहीं, दिवा लावावा कीं नाहीं तें कळत नाहीं, आणि दारांतील आकृति चोराची कीं उशीरां परतलेल्या मुलाची हेंही समजत नाहीं. त्याच्या उशाखालील शस्त्र सहाबारी असो कीं स्वयंचलित, हा प्रश्न येथें दुय्यम ठरतो. १९९३ सालीं अमेरिकेंतील आर्थर केलरमन व त्यांचे सहकारी यांनीं तीन परगण्यांतील घरांत झालेल्या खुनांचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ज्या घरांत बंदूक होती तेथें कोणाचा तरी खून होण्याचा संभव, इतर गोष्टी हिशेबांत घेऊनही, सुमारें २·७ पट अधिक आढळला. आणि मारणारा बहुधा ओळखीचा किंवा घरचाच होता. बंदुकीमुळेंच खून होतो, एवढें या आंकड्यावरून सिद्ध होत नाहीं, आणि त्यावर वादही पुष्कळ झाला. पण घरांत शस्त्र आणण्यापूर्वीं तो आंकडा कुटुंबापुढें असावा, यांत शंका नाहीं.

जुन्या अनुभवाचें सार काढावयाचें तर असें: जो वर्षांतून एकदांही सराव करणार नाहीं, त्याला पिस्तुलाच्या अधिक गोळ्यांचा लाभ नाहीं, कारण तें अडल्यास तो सोडवूं शकणार नाहीं, आणि रिव्हॉल्वरच्या सोपेपणानेंही त्याचा नेम सुधारणार नाहीं. जो नियमानें सराव करील, कुलुपांत ठेवील, मुलांच्या हातीं लागूं देणार नाहीं आणि दारांतला मनुष्य कोण तें पाहिल्याखेरीज बोट चापावर नेणार नाहीं, त्याला दोहोंपैकीं कोणतेंही चालेल. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांनीं परवान्यासाठीं सुरक्षित हाताळणीचें शिक्षण आवश्यक ठरविलें, तें याच दिशेचें पाऊल होय. शिकागोच्या अहवालांतील दुसरी सूचना अखेर कायद्यांत आली आहे. ती किती काटेकोरपणें पाळली जाते, यावर घरांतल्या माणसांची सुरक्षितता अवलंबून राहील.